उशीवरचा तो चेहरा

हा चेहरा जरा नीट बघा. उशीला टेकलेलं डोकं, विस्कटलेले पातळ केस, मिटलेले ओठ. रडणं नाही, ओरडणं नाही, तरी बघताना पोटात कालवतं.

एडवर्ड मुंकचं 'आजारी मूल', 1896 सालचा लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र. मुंक नॉर्वेचा चित्रकार, 5 वर्षांचा असताना आई क्षयानं गेली, आणि मग 1877 मध्ये मोठी बहीण सोफी, तिलाही क्षयच, वय फक्त 15. चित्रासाठी समोर बसवली ती दुसरीच एक मुलगी, पण तो काढत होता सोफीलाच.

आधी 1885-86 मध्ये त्याने हे ऑइलमध्ये केलं होतं, वर्षभर रंग लावायचा, खरवडायचा, परत लावायचा. त्यात सगळी खोली आहे, औषधाची बाटली आहे, शेजारी मान खाली घालून बसलेली बाई आहे. लोकांना ते अर्धवट वाटलं, खूप टीका झाली. 10 वर्षांनी पॅरिसमध्ये, या लिथोग्राफमध्ये, त्याने खोली काढून टाकली, बाटली काढून टाकली, ती बाईपण काढून टाकली आणि ठेवलं फक्त डोकं. मला वाटतं खरी हिंमत इथे आहे, कारण आता मुलीसाठी रडणारं चित्रात कुणीच उरलं नाही, ती जागा आपल्याला घ्यावी लागते.

लिथो म्हणजे दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त खडूच्या रेघांनाच धरते. आपल्याकडे 1894 ला मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मांच्या प्रेसमध्ये याच तंत्राने लक्ष्मी-सरस्वती छापल्या जायच्या, अगदी गुळगुळीत, तुकतुकीत. मुंकच्या दगडावर मात्र नुसते ओरखडे, केसांच्या रेघा आणि उशीच्या रेघा एकमेकीत मिसळून जातात, कुठे मुलगी संपते आणि कुठे उशी सुरू होते तेच कळत नाही.

आणि रंग! छापणारा होता ऑग्युस्त क्लो, पॅरिसमधला नावाजलेला माणूस. मुंकचा एक चित्रकार मित्र सांगायचा की दगड ओळीने मांडलेले असायचे आणि मुंक डोळे मिटून, हवेत बोट फिरवत छापायचे रंग सांगायचा, करडा, हिरवा, निळा, तपकिरी... म्हणून चेहरा तोच, पण एका प्रतीत लालभडक, जणू ताप चढलाय, दुसरीत फिकट, जणू सगळं ओसरलंय.

ऑइलमध्ये हाच विषय त्याने एकूण 6 वेळा केला, जवळपास 40 वर्षांत. तो म्हातारा होत गेला. सोफी 15 चीच.