स्क्लेरोडर्मात बोटांचं ऑपरेशन: "ताई, बोट सरळ होईल ना?"

हाय मंडळी! गेल्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच प्रश्न, ऑपरेशननंतर बोट सरळ होतं ना? नाही होत. थांबा, सांगते.

स्क्लेरोडर्मा या आजारात कातडी घट्ट होते, गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडतात, हे तुम्हाला माहितीये, मी तर मे महिन्यात एसी लोकलमध्ये हातमोजे घालून बसते आणि समोरच्या काकू दादरपासून ठाण्यापर्यंत टक लावून बघतात, असो. तर बोटाचा मधला सांधा आत वाकून अडकतो, वरची कातडी ताणून ताणून फाटते, जखम भरत नाही, कधी सांधाच उघडा पडतो. मग बरेचदा फ्यूजन करतात. सांध्याची टोकं कापून हाडं तारांनी एकत्र बसवतात, ती जुळून एकच हाड होतं. हाड जरा आखूड झालं की कातडीवरचा आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण सैल पडतो. पण तो सांधा परत हलणार नाही, कायमचा बंद!

मग सरळच का नाही बसवत? अहो, सरळ बोटाने वडापाव धरून बघा. लोकलची कडी पकडून बघा. मुद्दाम वाकवून बसवतात. माझ्या थेरपिस्टने आधी स्प्लिंट (बोट एका जागी धरून ठेवणारी पट्टी) बांधून त्याच अँगलमध्ये आठवडाभर घरकाम करायला लावलं, चहाचा कप जमला पण कुर्त्याचं बटण काही लागेना, मग अँगल बदलला. हे सगळं आधीच करायचं, हाड जुळल्यावर हट्ट करून उपयोग नाही.

बोटाच्या मुळाचा सांधा मात्र हलता ठेवायला बघतात, कारण मधला बंद झाल्यावर वाकायचं काम त्याच्याकडेच येतं. मनगटाचं ऑपरेशन त्या मानाने कमी लागतं.

"तेल लावून मालिश करा, मोकळं होईल" म्हणणारे दादा, प्लीज, फाटायला आलेल्या कातडीवर नको.

जखम भरते, पण हळू. सिगारेट बंद, आणि आजींनो, मिश्रीसुद्धा बंद, ती पण तंबाखूच.

आणि तोंड कमी उघडत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, श्वासाची नळी घालायला अवघड जातं, शक्य असेल तर ते फक्त हात बधिर करतात. मला म्हणाले, "मोठ्ठा आ करा." मी म्हटलं, "डॉक्टर, आख्खी पाणीपुरी तोंडात जाऊन चार वर्षं झाली."