परसातली बंदूक आणि अमेरिकेतला कायदा

नमस्कार मंडळी. मी वकील नाही, बंदूक सुरक्षितपणे कशी हाताळावी ते शिकवतो. माझ्या वर्गात हल्ली मराठी आडनावं दिसू लागली आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "घर आमचं, जमीन आमची, मग बॅकयार्डात चार डबे मांडून नेम धरला तर काय बिघडलं?"

या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत आहे. बंदूक बाळगणं वेगळं आणि ती चालवणं वेगळं. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. २०१० मध्ये तो हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक केला. पण पाव एकराच्या अंगणात गोळी झाडायची की नाही, हे मुख्यतः राज्याचा कायदा आणि गावाचा नियम ठरवतो. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर तिची नियमावली आणखी वेगळी. ते कागद वाचल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

बंदुकीच्या बाबतीत सैल मानल्या जाणाऱ्या फ्लोरिडाचंच उदाहरण घ्या. तिथे शहरांना आणि काउंटींना बंदुकीबद्दल स्वतःचे नियम करायला राज्याने मनाई केली आहे. त्यामुळे भर वस्तीत कुणी परसात कामचलाऊ रेंज, म्हणजे नेमबाजीची जागा, उभारली, तर शेजाऱ्यांनी गाऱ्हाणं घेऊन जायचं कुठे? अखेर २०१६ मध्ये राज्यालाच कायदा बदलावा लागला. आता ज्या निवासी भागात एकरी एक किंवा जास्त घरं आहेत, तिथे उघड्यावर हौसेखातर गोळीबार करणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी झाडलेली गोळी, चुकून सुटलेली गोळी, आणि कुणाला धोका संभवतच नाही अशी परिस्थिती, एवढे अपवाद ठेवले आहेत. पण उपनगरात "धोका संभवत नव्हता" हे पटवून देणं किती अवघड आहे, याचा विचार करा.

मॅसॅच्युसेट्सचा नियम वेगळा आहे. वापरात असलेल्या कोणत्याही इमारतीपासून ५०० फुटांच्या आत, तिथल्या मालकाच्या किंवा राहणाऱ्याच्या संमतीशिवाय गोळी झाडायची नाही. पाव एकर म्हणजे साधारण १०० फूट बाय ११० फूट. तुमच्या अंगणाभोवती ५०० फुटांचं वर्तुळ काढा आणि त्यात किती घरं येतात ते मोजा. त्या प्रत्येक घराची संमती लागेल. न्यू जर्सीत तर मुलाला वाढदिवसाला देतात ती छऱ्याची एअरगनसुद्धा कायद्याच्या व्याख्येत बंदूकच आहे आणि ती घ्यायला परवाना लागतो. हे आपल्या बऱ्याच पालकांच्या गावीही नसतं.

हे कायदे उगाच आलेले नाहीत. जून १९९९ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये १४ वर्षांची एक मुलगी स्वतःच्या घरामागे फोनवर बोलत उभी होती. कुणीतरी, कुठून तरी हवेत झाडलेली गोळी तिच्या डोक्यात पडली आणि ती गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि पुढच्याच वर्षी, शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे गोळी झाडणं हा गंभीर गुन्हा ठरला. तो कायदा तिच्याच नावाने, 'शॅननचा कायदा' म्हणून ओळखला जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री आणि चार जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनी, हवेत बार काढणाऱ्यांना मी हे दरवेळी सांगतो. वर गेलेली गोळी कुठेतरी उतरतेच.

पॉइंट टू टू ही सगळ्यात किरकोळ समजली जाणारी गोळी. तिच्या डब्यावरच्या सूचना वाचा: सव्वा ते दीड मैलापर्यंत धोका, असं कंपन्याच छापतात. आपल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या, आणि कुंपण फळ्यांचं. पिस्तुलाची गोळी यांतल्या कशातच थांबत नाही. म्हणून नेमबाजीचे नामवंत प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या बंदूक हाताळण्याच्या चार नियमांतला चौथा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: आपलं लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ओळखा. उरलेले तीन असे. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे नष्ट करायचं नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवू नका.

बंदूक साफ करताना होणारी एक चूक फार महाग पडते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं लोकांना वाटतं. पण एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, राहिलेली असू शकते. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच साफसफाईला बसा.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ असे व्हिसा स्थलांतरितांचे धरले जात नाहीत. अशा व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका. एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई नाही, पण आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन रांगेत उभे असलेले अजून एच-१बीवरच असतात, हे विसरू नका. "मी फक्त रेंजवर भाड्याने घेऊन चालवली" हा बचाव नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेला रेहाईफ खटला फ्लोरिडातल्या रेंजवर नेमबाजी केलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याचाच होता. त्याचा विद्यार्थी व्हिसाचा दर्जा तेव्हा संपलेला होता. आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध करायला हवं, असं न्यायालय म्हणालं. आपल्या व्हिसाचा शिक्का आपल्याच पासपोर्टवर असतो, तेव्हा तो दिलासा आपल्याला फारसा उपयोगाचा नाही. म्हणून भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांच्या किंवा सासऱ्यांच्या हातात फोटोसाठीसुद्धा पिस्तूल देऊ नका.

घरात मुलं असतील तर बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. इथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कुणी खचलेलं असेल, तर मी म्हणेन बंदूक काही दिवस घराबाहेर, कायद्याने चालेल अशा ठिकाणी ठेवा. हे बोलायला संकोच वाटतो, मलाही वाटतो, पण बोलायलाच हवं.

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं, रेंजवर नेलेली बॅग मुंबईच्या प्रवासाला चालेल का? नेऊ नका. तळाशी विसरलेलं एक काडतूसही भारतातल्या विमानतळावर क्ष-किरण तपासणीत दिसतं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं, या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर विमान चुकतं, पोलीस ठाणं घडतं, वकील करावा लागतो. रेंजची बॅग वेगळी ठेवा, दुसऱ्या कशालाच वापरू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.