आधी वाट शोधा, मग उंदीर धरा

श्रोते हो, मृग लागला, पहिले दोन-चार पाऊस पडून गेले, की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. रात्री माळ्यावर खुडबुड, सकाळी ओट्यावर लेंड्या, डाळीच्या पिशवीला कोपऱ्यात भोक. बिळांत पाणी शिरलं की उंदीर कोरडी जागा शोधत वर येतात, आणि कोरडी जागा म्हणजे आपलं घर. आज बोलायचं आहे ते या उंदरांना घराबाहेर काढण्याविषयी.

मुद्दा एकच आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. उंदीर मारून संपत नाहीत. त्यांची यायची वाट बुजवली की संपतात. घरातल्या लहान उंदराची मादी 3 आठवड्यांत विते, एका वेळी 5-6 पिल्लं सहज होतात, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार असतात. तुम्ही एक धराल, त्याच्या जागी दुसरा येईल. का? तर वाट उघडी आहे म्हणून. आणि या लहान उंदराला वाट किती लागते? 6 मिलिमीटरची फट. पेन्सिल जिथे आत जाते तिथे उंदीर आत जातो, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या नव्या इमारतींत अशा फटी किती असतात ते सिंकखाली वाकून बघा. सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे भोक मोठं आणि पाइप लहान. एसीच्या नळीचं तेच, गॅसच्या नळीचं तेच. आणि त्या ट्रॉल्या! मला स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या मुळीच आवडत नाहीत. त्यांच्या मागे हात पोचत नाही, केरसुणी पोचत नाही, उजेड तर नाहीच. जुन्या ओट्याखाली कडप्प्याची मोकळी फळी असायची, रोज पुसली जायची, आणि उंदीर आला तर पहिल्या दिवशी कळायचं. घर बांधणाऱ्यांनी बायकांना विचारून स्वयंपाकघरं बांधली असती तर हे झालं नसतं, असं मी ठामपणे म्हणते.

आता एक हकिगत सांगते. माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची, तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलं तिच्याकडे जायचो. एका वर्षी तिच्या खोलीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. फराळाचे डबे दोरीनं टांगावे लागत होते. देवापुढच्या निरांजनातली तुपाची वात रात्रीतून नाहीशी व्हायची. काकांनी पिंजरा लावला, एक उंदीर सापडला, तो काकांनी रस्त्यापलीकडच्या गटाराशी नेऊन सोडला. दुसऱ्या रात्री पुन्हा खुडबुड! पुन्हा पिंजरा, पुन्हा रस्त्यापलीकडे. प्रत्येक शेजाऱ्याचा वेगळा सल्ला. कुणी म्हणे मांजर आणा, कुणी म्हणे डांबर गोळ्या टाका, कुणी म्हणे पिंजऱ्याचं नाव मोठ्यानं घेऊ नका, त्यांना कळतं.

पलीकडच्या खोलीत नाना राहायचे. गिरणीत फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते एका संध्याकाळी आले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "वहिनी, उंदीर राहू द्या. तो येतो कुठनं ते आधी बघू. रांगोळी आहे ना घरात?"

आत्या म्हणाली, "दिवाळीची आणून ठेवलीय. पण नाना, उंदराला रांगोळी?"

"आणा तर खरं."

खाली शहाबादी फरशी होती, काळसर. नानांनी झोपायच्या आधी भिंतीच्या कडेकडेनं चाळणीतून पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर टाकला. उंदीर खोलीच्या मधून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो, हे त्यांना गिरणीच्या गोदामातून ठाऊक होतं. मग त्यांनी खोलीतलं एकेक भोक शोधलं आणि प्रत्येकात वर्तमानपत्राचा बोळा सैल बसवला. घट्ट नाही, सैल. आम्हा मुलांना ताकीद दिली की रात्री पाणी प्यायला उठलात तर भिंतीकडे जायचं नाही.

सकाळी आम्ही सगळे फरशीवर ओणवे! रांगोळीत पावलं उमटली होती, इतकी स्पष्ट की नानांनी आम्हाला बोटं मोजायला लावली. पुढच्या पावलाला 4, मागच्या पावलाला 5, आणि दोन्ही बाजूंच्या पावलांमधून शेपटीची बारीक रेघ. ती रेघ मोरीतून निघाली होती, देवघरापर्यंत गेली होती, आणि तिथून खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीमागे. भोकांतले सगळे बोळे जागच्या जागी होते. मोरीतला मात्र बाहेर पडलेला. मोरीचा पाइप भिंतीतून बाहेर जात होता तिथे अंगठा जाईल एवढी फट होती, आणि बाहेरच्या भिंतीवरून तो पाइप थेट खाली गटारापर्यंत उतरत होता. तिसरा मजला असला म्हणून काय झालं, उंदीर पाइपावरून सरसर चढतो.

पेटी ओढली तर मागे घरटं! निरांजनातल्या वाती, सुतळीचे धागे, आणि बारीक बारीक कातरलेला कागद. तो कागद होता आत्याच्या दिवाळी अंकांचा. पेटीमागे अंकांचा गठ्ठा बांधून ठेवलेला असायचा, त्यातले खालचे दोन-तीन पार गेले होते. आत्याला वातींचं काही वाटलं नाही, अंकांचं मात्र फार वाईट वाटलं. तेव्हा दिवाळी अंक जपून ठेवायची रीत होती. आता अंक हातात पडतो, चाळला जातो आणि रद्दीत जातो. श्रोते हो, दर दिवाळीला निदान एक अंक विकत घ्यावा आणि त्यातली एखादी कथा घरात मोठ्यानं वाचावी, असं मला मनापासून वाटतं. असो, पेटीकडे परत येऊ.

घरटं काढायला आमच्यातला एक मुलगा हात घालणार, तोच नानांनी त्याचं मनगट धरलं. त्यांच्या आजोबांनी प्लेग पाहिलेला होता. 1896 साली मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढे 1898 मध्ये उंदरांवरच्या पिसवांतून तो पसरतो हे सिद्ध झालं. नानांनी प्लॅस्टिकची पिशवी हातमोज्यासारखी हातात चढवली, घरटं उचललं, जागेवर फिनेल ओतलं आणि मगच फडकं लावलं. कोरड्या जागी झाडू मारू दिला नाही.

मग पिंजरा. तो त्यांनी रेघेवरच ठेवला, भिंतीला लागून, पण दार बांधून उघडं ठेवलं. आत रोज कांदाभज्याचा तुकडा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, तिच्या जवळ जात नाही. काही रात्री त्यानं भजं खाल्लं, काही झालं नाही, तो निर्धास्त झाला. मग एका रात्री नानांनी दाराची दोरी सोडली, आणि पहाटे खट्! त्यामागोमाग आणखी एक. नंतर रांगोळीवर पाऊल उमटलं नाही तेव्हाच त्यांनी मोरीची फट बुजवली. आधी तारेची जाळी चुरगळून कोंबली, वरून सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालून लिंपलं. नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरून काढतो. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली.

आत्याची खोली शांत झाली. आणि आठवड्याभरात खुडबुड सुरू झाली शेजारच्या खोलीत! तेव्हा नाना गॅलरीत उभे राहिले आणि सगळ्या मजल्याला हाक मारली. रविवारी सकाळी एका गोणपाटात रिकाम्या बाटल्या घालून हातोडीनं चुरा केला, वर्गणीतून सिमेंट आणलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक मोरीची फट त्याच दिवशी बुजली. बायकांनी चहा केला, चकल्या काढल्या. त्या दिवाळीत आत्याच्या खोलीत वात रात्रभर तेवली.

तर पुन्हा सांगते. आधी वाट शोधा. मग आतला उंदीर धरा. मग वाट बुजवा. आणि एकट्यानं नाही, शेजाऱ्यांना घेऊन बुजवा. मुंबईत महापालिकेचे मूषक संहारक काठी आणि बॅटरी घेऊन रात्रभर गल्ल्यांतून फिरतात, एका रात्रीत 30 उंदीर मारायची त्यांची नेमणूक असते. या माणसांचे आभार कुणी मानत नाही, मी आज मानते. पण तुमच्या सिंकखालची फट बुजवायला ते येणार नाहीत.

आणि चिचुंद्रीला मारू नका. लांब सोंडेसारखं तोंड, चिक् चिक् आवाज, उग्र वास. ती उंदीर नाही, ती झुरळं-किडे खाते.

वेळ संपत आली, पण विषाबद्दल बोलायलाच हवं. विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरतो ही समजूत खोटी आहे. तो माळ्यावर किंवा ट्रॉलीमागे मरतो, आणि दुर्गंधी आठवडाभर जात नाही. काळसर भुकटीचं झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. ते लहान मुलं असलेल्या घरात आणूच नका. रंगीत वड्यांचं विष रक्त गोठू देत नाही, त्यावर व्हिटॅमिन के देऊन उपचार होतात, पण त्रास दिसायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून मुलानं वडी तोंडात घातली असा नुसता संशय आला, मूल हसतंय-खेळतंय असं दिसलं, तरी थांबू नका. घरी उलटी करवायच्या खटपटीत पडू नका. तडक दवाखाना गाठा, आणि विषाचं पाकीट, फाटलेलं असलं तरी, बरोबर घेऊन जा. आत कोणतं विष होतं हे त्यावरूनच डॉक्टरांना कळतं.