शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसतोय? औषध नंतर, आधी दिवा बघा

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ तुमच्या कमेंटमुळे करावा लागतोय. दर आठवड्याला तोच प्रश्न येतो: शॅमेलिऑन, म्हणजे घरी पाळलेला तो रंग बदलणारा सरडा, दिवसभर झोपतो, खात नाही, कोणतं औषध देऊ? सोबत जाळीबाहेरून काढलेला एक अंधारा फोटो. पिंजऱ्यात दिवा कोणता, किती दिवसांचा, फांदीपासून किती लांब, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. आणि नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं. नव्वद हा आकडा वैतागून आलाय, कुठे लिहून ठेवू नका.

पहिली गोष्ट म्हणजे शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. मधूनच एखादा डोळा फुगवून, आत गोल फिरवून तो साफ करतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ते चालतं. पण दिवे चालू असताना डोळे मिटून फांदीवर बसलाय, हात जवळ नेल्यावर जरासे उघडतो आणि परत मिटतो, तर तो लाजत नाहीये, आजारी आहे. हा प्राणी आजार लपवतो. झाडावर जो अशक्त दिसला तो पक्ष्याच्या तोंडी गेला. त्यामुळे तुम्हाला दिसेपर्यंत दुखणं बरंच जुनं झालेलं असतं.

आज जे सांगतोय ते व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. डोक्यावर उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियाचा. परदेशातल्या मराठी घरांतून प्रश्न येतात ते बहुतेक याचेच. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनलाही यातलं बरंच लागू पडतं.

आणि हो, महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी. शेताच्या बांधावर सापडलेला आपला घोयरा, कुणी सरडगुहिरा म्हणतं, तो घरी आणून पिंजरा कसा करू, असं विचारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो संरक्षित आहे. पाळणं हा गुन्हा आहे. जखमी सापडला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवा. व्हेल्डसारखी परदेशी जात असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिची नोंदणी लागते. नोंदणी नाही म्हणून व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, जायला घाबरायचं आणि जनावर घरीच मरू द्यायचं, हे तर अजिबात नको.

मूलभूत गोष्टी पटापट. पिंजरा जाळीचा, मोठ्या प्राण्याला ६० बाय ६० बाय १२० सेंटीमीटर. काचेच्या पेटीत हवा कोंडते, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. ऊब घ्यायची जागा नराला २९-३० अंश, मादीला २७. रात्री १८-२० पर्यंत उतरू द्या, त्याला ते हवंच असतं. दिवे बारा तास. खाली माती-भुसा नको. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जाऊ.

आता दिवा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

[हातात टी५ ट्यूब]

ही यूव्हीबी ट्यूब. यूव्हीबी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार. बारीक नळीची टी५ हाय आउटपुट, ६ टक्क्यांची. काही कंपन्या तिला ५.० म्हणतात. हिच्या किरणांनी कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं. डी३ असेल तर आतड्यातून कॅल्शियम रक्तात जातं. नसेल तर तुम्ही खायच्या किड्यांना पोतंभर कॅल्शियम पावडर लावा, ती मागून बाहेर पडणार. रक्ताला मात्र कॅल्शियम लागतंच, स्नायू त्यावर चालतात. मग शरीर ते हाडांतून ओढून काढतं. जबडा रबरासारखा होतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमचा दिवा लागतोय की. लागतो ना! पण जो उजेड तुम्हाला दिसतो तो यूव्हीबी नव्हे. यूव्हीबी डोळ्यांना दिसतच नाही. ट्यूब दोन वर्षं झगझगीत पेटेल आणि तिच्यातून कामाचं जवळपास काही येत नसेल. टी५ वर्षाने बदला, जुन्या जाड टी८ सहा महिन्यांनी. लावल्या दिवशी मार्करने तिच्या टोकाला तारीख लिहा. [ट्यूबचं टोक कॅमेऱ्याजवळ] ही अशी, धातूच्या टोपीवर. काचेवर लिहू नका.

हेच दुसऱ्या बाजूने बघू. ट्यूब नवी आहे, पण ठेवली कुठे? खिडकीच्या काचेतून भरपूर ऊन येतं म्हणणाऱ्यांनो, साधी काच यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवते. अॅक्रिलिक आणि प्लास्टिकही तेच करतं. फिक्स्चरवर, म्हणजे ट्यूबच्या पट्टीवर, पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असेल तर ते काढा. पिंजऱ्याची वरची जाळी साधारण तिसरा हिस्सा खाते. आणि अंतर! फांदीवर बसलेल्या प्राण्याची पाठ ट्यूबपासून २० ते २५ सेंटीमीटर. लोक फांदीपर्यंत मोजतात आणि विसरतात की किरण घेणारी पाठ फांदीच्या वर असते. मोठा नर बसला की पाठ सहज सात-आठ सेंटीमीटर वर येते. यूव्ही मोजायचं यंत्र, सोलारमीटर ६.५ नावाचं, मिळालं तर पाठीच्या उंचीवर धरा, आकडा ३ च्या आसपास हवा. ०.५ दाखवला तर डॉक्टरकडे जाण्याआधीच तुम्हाला कारण सापडलं. ६-७ दाखवला तर ट्यूब वर घ्या, डोळे त्यानेही मिटतात.

आणि तिसरी बाजू, जिच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. फुल स्पेक्ट्रम एलईडी. झाडांसाठी छान, पानं हिरवीगार राहतात, जरूर लावा. तिच्यात यूव्हीबी नाही. खोक्यावर सूर्याचं चित्र असलं तरी नाही. पिळाचे कॉम्पॅक्ट बल्बही नकोत, त्यांचा पट्टा एवढासा, आणि प्राणी अर्धा दिवस त्याच्या बाहेरच बसतो. ऊब देणारा बल्ब ट्यूबच्या शेजारीच लावा. कातडीतली ती प्रक्रिया पुरी व्हायला ऊबही लागते. एका कोपऱ्यात ऊब आणि दुसऱ्यात यूव्हीबी ठेवलं तर तो ऊब निवडणार.

कुणीतरी खाली लिहिणारच की मग डी३ ची पावडर रोज टाकू, दिव्याचा खर्च वाचेल. नाही. कातडी गरजेपुरतंच डी३ बनवते, तोंडावाटे गेलेलं जास्तीचं मात्र साठत जातं. गळ्याखाली, मानेशी पाण्याच्या पिशवीसारखी सूज दिसली की बऱ्याचदा पावडरचा अतिरेक असतो. क्वचित मूत्रपिंडं गेलेली असतात. डी३ नसलेलं साधं कॅल्शियम प्रत्येक खाण्याला, पिठी लागल्यासारखं हलकं. डी३ आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण महिन्यातून दोनदा. बस.

[मोबाइलवरचा व्हिडिओ, पाय मोठे करून]

आता हे नीट बघा. पुढचा पाय फांदी सोडून उठतो, थरथरतो, पुढे जातो आणि फांदीऐवजी स्वतःचाच दुसरा पाय पकडतो. हाडं मऊ झाल्याची ही खूण जबडा वाकायच्या बरीच आधी दिसते. दुसरी खूण चालण्यात. निरोगी प्राणी पोट फांदीवरून उचलून चालतो, हा पोट घासत चालतोय. जीभ अर्धवटच बाहेर येते आणि किडा सुटतो, हीसुद्धा त्यातच.

असं दिसलं तर ट्यूब आजच बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. व्हेटला दाखवा, एक्स-रे होऊ द्या. कॅल्शियमचा डोस तो वजनावर ठरवेल. तोवर फांद्या खाली आणा आणि आडव्या बांधा, कारण हा पडणार. किडे वाटीत द्या. फांदीवरून ओढून काढू नका, पकड घट्ट असली की मऊ हाड तिथेच मोडतं. पुढे हात धरा आणि त्याला चढू द्या. वेळेत सुधारलं तर हाडं पुन्हा कडक होतात, पण वाकलेलं वाकलेलंच राहतं.

पाण्याकडे येऊ. डोळे खोल गेलेत म्हणून पाणी कमी, हे सगळे सांगतात. त्याआधीची खूण विष्ठेत असते. तपकिरी भागाला चिकटून एक खडूसारखा तुकडा पडतो, तो युरेट. पांढराशुभ्र असेल तर उत्तम. टोकाला किंचित पिवळा असेल तर चालून जाईल. सगळाच केशरी आणि कोरडा असेल तर पाणी कमी पडतंय.

पण उपाय म्हणून जे केलं जातं ते बघून डोक्याला हात लावावासा वाटतो. कोमट पाण्याच्या टबात बसवणं! झाडावर राहणारा प्राणी तो, कातडीतून पाणी पीत नाही. टबात त्याचा गोंधळ उडतो, ताण वाढतो आणि आपण म्हणतो, बघा कसा शांत बसला. सिरिंजने तोंडात पाणी सोडणं त्याहून वाईट. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी फुप्फुसात जातं. पानांवर ठिबक लावा, सेकंदाला एक थेंब, दुपारी पंधरा-वीस मिनिटं. पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री ते विझल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा. त्याला पिताना बघायला समोर उभे राहू नका, बघितलंत तर तो पिणार नाही.

फवाऱ्याची वेळ मुद्दाम सांगितली. दिवसभर आर्द्रता ७० च्या वर ठेवा हा जुना सल्ला अजून फिरतोय, आणि छातीच्या संसर्गाची एक मोठी वाट त्यातूनच जाते. ऊब, ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की जंतूंची चैन. दिवसा ३० ते ५० टक्के, रात्री ८० च्या वर. फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, असेल तर तो रात्रीच, पारा २० च्या खाली गेल्यावर. त्याची टाकी आठवड्याला धुवा, नाहीतर तुम्ही धुक्यातून जंतूच सोडताय.

तोंड उघडं ठेवतो, हा पुढचा प्रश्न. थेट दिव्याखाली बसून तोंड उघडलंय, रंग फिका पडलाय, आणि खाली उतरल्यावर तोंड मिटतं, तर त्याला गरम होतंय. दिवा वर घ्या. पाठीवर किंवा तुऱ्यावर काळा डाग दिसला तर भाजलंच आहे. पण सकाळी, दिवे लागण्याआधीच, नाक वर करून तोंड किलकिलं ठेवलंय, श्वासाबरोबर बारीक टकटक ऐकू येतेय, तोंडाच्या कडेला चिकट तार किंवा बुडबुडा दिसतोय, तर तो संसर्ग. नाक वर करतो ते श्वासाला वाट मिळावी म्हणून. हे घरी बरं होत नाही. व्हेट बोळ्याने तोंडातला नमुना घेईल, त्यातले जंतू वाढवून तपासेल आणि मग प्रतिजैविक देईल. मागच्या वेळची उरलेली बाटली काढू नका.

पापण्या सुजल्या असतील, डोळा चिकटला असेल, कात नीट न निघता चिकटून राहत असेल, तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा विचार करा. गाजर खाल्लेले किडे देऊन ते पुरतं असं धरू नका, तयार रेटिनॉल असलेलं मिश्रण लागतं. तेही व्हेटला विचारून, कारण जास्त झालं की तेही बाधतं. किड्यांना मात्र आदल्या दिवशी पोटभर खाऊ घाला: रताळं, केल नावाची पालेभाजी, मोहरीची पानं. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल.

मादी असेल तर एक वेगळी घाई. नर नसतानाही ती अंडी घालते, वीस-तीस सहज, जास्त खायला घातलं तर साठच्याही वर. अस्वस्थ फिरते, जाळीवर चढते, खाली उतरून कोपरे उकरते. तेव्हा ३० सेंटीमीटर खोल ओल्या वाळूचा डबा हवा. बोटाने बोगदा केला तर ढासळू नये इतकी ओल. डबा ठेवल्यावर पडदा लावा, कुणी बघतंय असं वाटलं तर ती खोदणं सोडून देते. आणि पोट फुगलेली मादी डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसली असेल तर हा व्हिडिओ बंद करा आणि निघा. अंडी अडकलीत, उद्यापर्यंत थांबता येणार नाही.

रंगावरून विचारणाऱ्यांना थोडक्यात. सकाळी गडद म्हणजे ऊन खातोय. रात्री फिकट म्हणजे झोपलाय. दिवसभर गडद किंवा राखाडी आणि सोबत मिटलेले डोळे, तेव्हा चिंता. नुसत्या रंगावरून मी काही सांगणार नाही, किती फोटो पाठवलेत तरी.

व्हेटकडे जाताना तासा-दोन तासांतली ताजी विष्ठा ओल्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत घ्या, जंत तपासायला. पावडरच्या डब्यांचे फोटो, पिंजऱ्याचा समोरून एक फोटो, ट्यूबवरची तारीख. वजन ग्रॅममध्ये लिहून न्या. स्वयंपाकघरातला काटा चालतो, त्यावर एक काठी ठेवून आधी शून्य करा. महिन्याभरात दहा टक्के उतरलं असेल तर ते आधी सांगा. नेताना खोक्यात एक आडवी काठी, वरून कापड, आत अंधार. गाडीत खोकं खिडकीच्या बाजूला ठेवू नका.