चार पंजे जमिनीवर

(दृश्य : बंद दार, आतल्या बाजूने. बेल वाजते. पुढचं चित्रण संथ गतीत.)

बेल वाजल्यापासून कुत्र्याचा पहिला पंजा पाहुण्याच्या छातीवर टेकेपर्यंत जेमतेम काही सेकंद जातात. डोळ्यांदेखत घडूनही त्यातलं फारसं काही दिसत नाही, म्हणून ते सावकाश पाहू.

कान पुढे आले. कुत्रा दाराकडे धावला, तिथून घरातल्या माणसाकडे, पुन्हा दाराकडे. दार उघडलं. आता त्याची नजर पाहा. पाहुण्याच्या हातातल्या पिशवीकडे त्याचं लक्ष नाही, तो थेट चेहऱ्याकडे बघतोय. मान उंचावली, अंगाचा भार मागच्या पायांवर गेला, मागचा भाग किंचित दबला, पुढचे पंजे जमिनीवरून हलकेच सुटले. उडी अजून झालेली नाही. हा क्षण लक्षात असू द्या, पुढे तो कामाला येणार आहे.

आणि आता उडी. पाहुणा दोन्ही हात पुढे करून त्याला ढकलतो. घरातून आवाज येतो, "ए, खाली! खाली उतर म्हणते ना!" कुणीतरी गळपट्टा धरून मागे ओढतं. कुत्रा सुटतो, पुन्हा उडी मारतो. शेपटी जोरजोरात हलतेच आहे.

माणसांच्या लेखी ही फजिती. कुत्र्याच्या लेखी मात्र भेट छान झाली. चेहरा जवळ आला, दोन्ही माणसं त्याच्याशी बोलली, हात अंगाला लागले. ढकलणं तर त्याच्या ओळखीचंच आहे. दोन कुत्री खेळताना एकमेकांना अशीच रेटत असतात.

(दृश्य : पिल्लं आणि त्यांची आई.)

चेहऱ्याकडे झेपावण्याची ही ओढ फार जुनी आहे. शिकारीहून परतलेल्या मोठ्या लांडग्यांच्या तोंडाशी पिल्लं झोंबतात, त्यांच्या जबड्याच्या कडा चाटतात. त्यामुळे मोठ्यांच्या पोटातलं अन्न उलटून बाहेर येतं आणि पिल्लांचं पोट भरतं. कुत्र्यांच्या पिल्लांतही हे चाटणं दिसतं. वय वाढलं की अन्नाचा भाग मागे पडतो, पण तोंडाजवळ तोंड नेऊन भेटण्याची रीत टिकते. अडचण आहे ती उंचीची. आपण दोन पायांवर उभे राहतो, आपलं तोंड त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर असतं, आणि तिथवर पोचायला त्याला उडीखेरीज दुसरा मार्ग सापडलेला नसतो.

त्यातून तो लहान असतो तेव्हा आपणच त्याला वर बोलावतो. दोन-तीन किलोचं पिल्लू पायाला पंजे लावून उभं राहिलं, तर खाली न वाकणारं माणूस विरळाच. पुढे त्याचं अंग भरतं. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर नर साधारण ३० ते ३६ किलोंचा असतो. एवढं वजन अचानक अंगावर आलं, तर तोल सांभाळणं धडधाकट माणसालाही जड जातं. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडू शकतं, पातळ झालेल्या त्वचेवर नखांचे ओरखडे खोल उमटतात, लहान मूल तर सरळ उताणं पडतं. त्यामुळे 'त्याचं प्रेमच आहे ते' एवढं म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. प्रेम आहेच. ते व्यक्त करायची दुसरी पद्धत त्याला शिकवणं, हे आपलं काम आहे.

या उडीचा एक वेगळाच अर्थ वर्षानुवर्षं सांगितला गेला : कुत्रा तुमच्यावर वर्चस्व गाजवू पाहतोय, त्याला त्याची जागा दाखवून द्या. हा समज लांडग्यांच्या जुन्या अभ्यासातून आला. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांचं वर्णन केलं, त्यात सतत चढाओढ होती. पुढे डेव्हिड मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा कळप अनेक उन्हाळे जवळून पाहिला आणि १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा एक कुटुंब असतं, आईवडील आणि त्यांची पिल्लं. पुढारीपणासाठी तिथे रोज मारामारी होत नाही.

पण तोवर त्या समजातून निघालेले उपाय घरोघरी पोचले होते. छातीत गुडघा मारा. मागच्या पंजावर पाय द्या. पुढचे पंजे धरून दाबा. आजही कुणी ना कुणी मोठ्या खात्रीने हे सांगतं. कृपा करून ऐकू नका. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तनाच्या तक्रारीसाठी कुत्र्याला घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी विचारलं, की आजवर तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि त्यावर कुत्रा कसा वागला. ज्या कुत्र्यांना मारलं होतं किंवा लाथ घातली होती, त्यांतल्या ४३ टक्के कुत्र्यांनी उलट आक्रमक होऊन उत्तर दिलं होतं. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट भूमिका घेतली : कुत्र्याला शिकवायचं ते बक्षीस देऊन, कोणतीही तक्रार असली तरी.

माराचं आणखी एक नुकसान मला सगळ्यांत मोठं वाटतं. पाहुणा आला की छातीत दुखतं, एवढाच धडा कुत्रा घेतो. उड्या थांबतीलही. पण उद्या तोच कुत्रा दार उघडताच कोपऱ्यात जाऊन गुरगुरू लागला, तर आपण काय मिळवलं?

(दृश्य : माणूस कुत्र्याकडे पाठ करून उभा.)

मग दुर्लक्ष करायचं? पाठ फिरवायची, हाताची घडी घालायची, नजर द्यायची नाही, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. ज्या वागण्यातून काही मिळत नाही ते हळूहळू विझतं, हे खरं. पण विझण्याआधी ते भडकतं. आजवर चालणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली, की कुत्रा ती अधिक जोराने करून बघतो. उडी उंच जाते, भुंकणं सुरू होतं, बाही दातात धरून ओढली जाते. नेमकं इथेच माणसाचा धीर सुटतो, तो वळतो आणि ओरडतो. कुत्र्याला कळतं, की उडीपेक्षा बाही ओढलेली बरी.

दुसरा घोळ घरातल्या माणसांचा. एक जण दुर्लक्ष करतो, दुसरा कामाचे कपडे अंगावर असले की रागावतो आणि सुट्टीच्या दिवशी मिठी मारतो. स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून १९५७ साली त्याचे तपशील मांडले : दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय बक्षीस थांबल्यावर लवकर सुटते, कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाची सवय चिवट निघते. जुगारी माणूस यंत्रासमोरून उठत नाही, तसंच हे. दहा उड्यांनंतर एकदा जरी कुणी 'आलं माझं बाळ' म्हटलं, तरी पुढच्या दहा उड्यांची सोय होते.

आणि पाठ फिरवून आपण त्याला सांगतो ते फक्त 'हे नको'. मग करायचं काय, ते त्याला कोण सांगणार? ते सांगितलं, की निम्मं काम झालं.

(दृश्य : खांबाला बांधलेली दोरी, सैल. कुत्रा उभा. माणूस दुरून येतोय.)

सराव असा. कुत्र्याला छातीपट्टा घाला आणि त्याची दोरी एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधा. लांबी एवढीच, की त्याला आरामात उभं राहता यावं, बसता यावं. तुम्ही चार-पाच पावलं दूर जा आणि सावकाश त्याच्याकडे चालत या. आता तो सुरुवातीचा क्षण आठवा : मान उंचावणं, भार मागे जाणं. तो दिसला रे दिसला, की जागेवर थांबा. बोलू नका. पंजे सुटले तर एक पाऊल मागे घ्या. पंजे टेकले की पुन्हा पुढे या. रागावण्यासारखं यात काही नाही. माणूस जवळ यायचा असेल तर चारही पंजे खाली लागतात, एवढंच त्याला उमगायचंय. बऱ्याच कुत्र्यांना हे आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर उमगतं.

तुम्ही जवळ पोचलात आणि पंजे अजून जमिनीवर आहेत. लगेच 'शाबास' म्हणा आणि खाऊ द्या. 'लगेच' याचा अर्थ त्याच सेकंदाला. दोन-तीन सेकंद खिसा चाचपण्यात गेले, तेवढ्यात त्याने उडी मारली आणि खाऊ हाती आला, तर पगार उडीला मिळाला. म्हणून खाऊ आधीच मुठीत हवा, करंगळीच्या नखाएवढे मऊ तुकडे.

आता हात नीट पाहा.

(दृश्य : हाताचं जवळून चित्रण.)

खाऊचा हात कुत्र्याच्या नाकाच्या वरून आला, की नाक वर जातं, नाकापाठोपाठ मान आणि मानेपाठोपाठ पंजे. आपणच त्याला उचलतो. तोच हात खालून आणा, हनुवटीच्या पातळीला किंवा त्याखाली, नाहीतर तुकडा सरळ जमिनीवर ठेवा. कुरवाळायचं तेही छातीवर, कानामागे, मानेच्या बाजूला. डोक्यावरून येणारा हात उडीला आमंत्रण देतो, आणि काही कुत्र्यांना तो मुळात आवडतही नाही. एवढा एक बदल केला तरी पुष्कळ घरांत फरक दिसेल.

बसायला शिकवलं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण बसलेला कुत्रा त्याच वेळी उडी मारू शकत नाही. अमेरिकन केनेल क्लब १९८९ पासून सभ्य कुत्र्यांसाठी एक परीक्षा घेतो. अनोळखी माणूस कुरवाळत असताना शांत बसून राहणं हा तिचा एक भाग आहे. मात्र फार तरुण, फार उत्साही कुत्र्याकडून बसण्याचा हट्ट धरू नका. आनंदाने अंग थरथरत असताना बसणं त्याला अवघड जातं. उभा राहिला, शेपटीसकट अर्धं अंग हललं, तरी चालेल. पंजे खाली आहेत ना, मग झालं.

(दृश्य : पुन्हा दार.)

सराव जमला म्हणून लगेच खऱ्या पाहुण्यावर प्रयोग नको. दार ही सगळ्यांत कठीण जागा. आधी पाहुणा नसतानाच बेल वाजवा, आणि दारापासून लांब अंथरलेल्या चटईवर मूठभर खाऊ विखरून टाका. काही दिवस हेच करा. मग बेल वाजली, की कुत्रा आपण होऊन चटईकडे वळू लागतो, नाक जमिनीला लावून हुंगत फिरतो. हुंगण्यात त्याचा आवेग ओसरतो. त्यानंतर घरातलंच माणूस बाहेर जाऊन आत येईल, मग ओळखीचं, मग अनोळखी.

आणि ज्या दिवशी घाई आहे, घरात चार माणसं यायची आहेत, त्या दिवशी शिकवणी बंद ठेवा. कुत्र्याला दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन बसवा, किंवा आडवं फाटक लावा, किंवा दोरी हातात घ्या. याला हार मानणं म्हणत नाहीत. जी उडी होतच नाही तिचा सरावही होत नाही, आणि एका गोंधळाच्या संध्याकाळी आठवडाभराचं काम वाहून जाऊ शकतं.

खरी परीक्षा माणसांची असते. रस्त्यात कुणीतरी दोन्ही हात पसरून येतं आणि म्हणतं, "असू दे हो, मारू दे उडी, मला कुत्री आवडतात." हे आपुलकीने म्हटलेलं असतं, म्हणून नकार देताना जीभ अडखळते. तरीही थांबवा. कुत्रा आणि ते माणूस यांच्यामध्ये स्वतः उभे राहा आणि म्हणा, "तो शिकतोय. पंजे खाली असले तरच हात लावा, मदत होईल." 'मदत' म्हटलं, की माणसं ऐकतात. पाहुण्याला फोनवरच सांगून ठेवा : आत आल्यावर आधी त्याच्याकडे बघू नका, पिशव्या ठेवा, बसा, मग तो शांत झाला की बोलवा.

मुलांचं थोडक्यात. मूल धावतं, किंचाळतं, हात वर उचलतं. कुत्र्याला यापेक्षा मोठं निमंत्रण नाही. मुलाला झाडासारखं उभं राहायला शिकवा : हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे. लहान मुलाला आणि कुत्र्याला एकटं सोडायचं नाहीच.

एक गोष्ट सुटता कामा नये. प्रत्येक उडी आनंदाची नसते. शेपटी पोटाशी, कान मागे दाबलेले, जीभ वारंवार नाकावर फिरते, आणि कुत्रा पाहुण्याऐवजी तुमच्याच अंगावर चढू पाहतोय, तर तो घाबरलाय. त्याला अंतर हवंय. त्याला तिथून बाजूला घ्या. खाऊ आणि सराव नंतर. अंग ताठ, नजर रोखलेली आणि उडीबरोबर गुरगुर असेल, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका. आधी पशुवैद्याला आणि मग वर्तनाच्या जाणकाराला दाखवा.

(दृश्य : कुत्रा आणि माणूस, मोकळ्या मैदानात.)

काहींना मात्र ती मिठी हवीच असते. दिवसभराच्या कामानंतर आपल्या कुत्र्याने खांद्याला पंजे लावावेत, यात वाईट काही नाही, आणि ते कायमचं सोडावं लागत नाही. आधी पंजे खाली ठेवण्याची सवय पक्की होऊ द्या. मग एक शब्द ठरवा, 'ये वर' किंवा तुमच्या तोंडी बसेल तो, आणि छातीवर थाप मारून त्या शब्दासरशी त्याला वर घ्या. उतरण्यासाठीही एक शब्द हवा, आणि उतरल्यावर खाऊ. हा शब्द मोठ्या माणसांनीच वापरायचा, तेही पाय घट्ट रोवून. शब्दाविना आलेल्या उडीला मिठी मिळू देऊ नका, निदान पहिले काही महिने तरी.