वीज कुठवर आली?

नमस्कार. मागे उभ्या असलेल्या मुलांनी पुढे सतरंजीवर येऊन बसा. मी तीस वर्षं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मोटारींच्या आवाजावर बोललोय, त्यामुळे ऐकू सगळ्यांना येईल. पण मला तुमचे चेहरे दिसायला हवेत.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरी जोडलेला कॉम्प्युटर चालूच होत नाही तेव्हा'. भिंतीतल्या सॉकेटपासून पंखा फिरेपर्यंतचे पाच टप्पे मी सांगणार आहे. इचलकरंजीत हा विषय समजावणं सोपं जातं. माग थांबला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, नवा माग आणा म्हणत नाही. आधी धागा कुठं तुटला ते बघतो. कॉम्प्युटरपुढे बसलं की मात्र आपण हे विसरतो आणि 'डेड आहे' म्हणून मोकळे होतो. मला या शब्दाचा खरंच त्रास होतो. डेड म्हणजे काय? वीज कुठवर आली आणि कुठून पुढे गेली नाही, एवढंच विचारायचं असतं. आज मला तेच सांगायचंय.

माझी भाची कराडला असते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पै पै साठवून तिनं एकेक भाग घेतला आणि सुट्टीत घरी बसून स्वतः जोडला. सगळं घर गोळा झालं, आईनं नारळ फोडला, हिनं बटण दाबलं. आतला पंखा अर्धा गिरका फिरला आणि थांबला. परत दाबलं, तर तेवढंही नाही.

हा अर्धा गिरका लक्षात ठेवा.

कॅबिनेट जड, एसटीत कुठं चढवणार? म्हणून तिनं बोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मदरबोर्ड), प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारी पेटी, पिशवीत घातलं आणि कोल्हापूरला जिथून खरेदी केली होती तिथं नेलं. दुकानदारानं सगळं टेबलावर मांडून जोडलं. लगेच चालू! "चालतंय की हे," म्हणाला. ती आनंदानं परत आली, कॅबिनेटमध्ये बसवलं, बटण दाबलं. पुन्हा अर्धा गिरका. दुसऱ्या खेपेला त्यांनी एसएमपीएस बदलून जास्त वॉटचा दिला, वरचे पैसे घेतले. टेबलावर चालू, घरी बंद. तिसऱ्या खेपेला सांगितलं, "मॅडम, तुमच्या घरच्या विजेतच दोष आहे." मेव्हण्यांनी वायरमन बोलावला, अंगणात खड्डा खणून नवीन अर्थिंग करून घेतलं.

त्या घराचं अर्थिंग खरोखरच खराब होतं, आणि हे तुमच्यापैकी कितीतरी घरांत असेल. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेट तीन भोकांचं असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या आत शिरतानाच एक गाळणी असते, तिच्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसला की पत्रा मधोमध तरंगतो, 230 च्या निम्म्यावर, साधारण 115 व्होल्टला. करंट अगदी थोडा, पण तो तसाच राहू देऊ नका. आणि टेस्टर पेटला म्हणजे वीज ठीक आहे असं मानू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. मल्टिमीटरनं तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही 230 च्या आसपास हवीत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको. घरातल्या मोठ्यांनी मापा, मुलांनी सॉकेटमध्ये हात घालू नये.

तर अर्थिंग दुरुस्त झालं, मुंग्या थांबल्या, कॉम्प्युटर काही चालू झाला नाही. सतरा दिवस गेले होते. तिचा फोन आला, "मामा, मलाच जमलं नाही. विकून टाकते सगळं."

मला या गोष्टीत राग येतो तो इथं. वीस वर्षांची मुलगी स्वतःच्या हातानं यंत्र उभं करते आणि सतरा दिवसांत तिला वाटायला लागतं की हात आपलेच वाईट. तीन खेपांत कोणीही तिला एक साधा प्रश्न विचारला नाही, की टेबलावर आणि घरी यात फरक काय? वीज वेगळी, हे त्यांना सुचलं. पण टेबलावर कॅबिनेट नव्हतं! ज्याची चौकशी व्हायला हवी होती ते कराडला कोपऱ्यात बसलेलं होतं.

मी गेलो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं बोर्डावरच्या, चालू करायच्या बटणाच्या दोन पिना क्षणभर जोडल्या. चालू. बोर्ड उलटा केला. मागं एका जागी नखाएवढी गोल खूण, सोल्डरचे टाके घासून चकाकत होते. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड टेकू नये म्हणून पितळी स्टँडऑफ लावतात. बोर्डाला भोकं जिथं असतील तिथंच ते लावायचे. तिनं पुडीतले सगळे लावले होते. जेवढे खांब जास्त तेवढं घर पक्कं, असा तिचा विचार, आणि घराच्या बाबतीत तो बरोबरच आहे. पण त्यातला एक खांब भोक नसलेल्या जागी उभा राहून बोर्डाच्या टाक्यांना पत्र्याशी जोडत होता. तो काढला, बोर्ड परत बसवला, तिलाच बटण दाबायला लावलं. पंखा फिरत राहिला.

आता त्या अर्ध्या गिरक्याकडे या. एसएमपीएसनं वीज सोडली, शॉर्ट दिसला, त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत स्वतःला आवरलं. म्हणूनच बोर्ड वाचला. ज्याला सगळे बिघाड म्हणत होते ते संरक्षण होतं, आणि ते सतरा दिवस चोख काम करत होतं. चालू न होणं हेही यंत्राचं एक उत्तर असतं, ते वाचायला शिका.

हे उत्तर येतं कसं ते कळायला थोडा इतिहास हवा. जुन्या 'एटी' पद्धतीच्या कॉम्प्युटरचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं, थेट मेन्स तोडणारं होतं. म्हणून विंडोज 95 मध्ये 'आता बंद करायला हरकत नाही' असा पडदा यायचा आणि बटण माणसानं दाबायचं. 1995 मध्ये इंटेलनं 'एटीएक्स' ही नवी पद्धत आणली आणि बटण नुसती विनंती करणारं झालं. बटणानं दोन पिना क्षणभर जुळतात, बोर्ड ते ऐकतो, मग 24 पिनांच्या कनेक्टरमधली 16 नंबरची हिरवी तार काळ्या तारेच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, पातळीला खाली ओढतो. ते बघून एसएमपीएस जागा होतो. अर्ध्या सेकंदाच्या आत, 8 नंबरच्या करड्या तारेवरून, 'वीज नीट आहे' असं कळवतो. त्यानंतर प्रोसेसर कामाला लागतो. म्हणजे विनंती करणारा, ऐकणारा आणि देणारा असे तिघे आहेत. यातलं कोण गप्प आहे ते...

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं म्हणताय? बरं, पाच टप्पे भराभर सांगतो, लिहून घ्या.

पहिला भिंत ते एसएमपीएस. त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड वगळा. मागची कॉर्ड पूर्ण आत दाबा, शेजारचं बटण उभ्या रेघेकडे दाबलेलं हवं, गोलाकडे नको. जुना एसएमपीएस असेल तर लाल सरकतं बटण 230 वर हवं.

दुसरा टप्पा आळशी विजेचा, मी तिला असंच म्हणतो. कॉम्प्युटर बंद असतानाही 9 नंबरच्या जांभळ्या तारेवर पाच व्होल्ट असतात, 4.75 ते 5.25 मध्ये. बऱ्याच बोर्डांवर तेवढ्यानं एक बारका दिवा लागतो. दिवा असेल तर पहिले दोन टप्पे संपले, मागं वळून बघू नका.

तिसरा बटण. बोर्डाची पुस्तिका उघडून बटणाच्या पिना बघा, नवशिक्यांची चूक सर्वांत जास्त इथंच होते. बटणाच्या दोन तारा उलटसुलट चालतात, दिव्यांच्या चालत नाहीत. रिसेटची जोडी पॉवरच्या पिनांवर लावून रिसेट दाबा. त्यानं चालू झालं तर कॅबिनेटचं बटण खराब.

चौथा एसएमपीएस. कॉर्ड काढून, बोर्डापासून सगळं सोडवून, त्याच 24 पिनांच्या कनेक्टरच्या 16 आणि 17 नंबरमध्ये वाकवलेली पेपरक्लिप घाला, मगच वीज द्या. काही नव्या एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, म्हणून पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट मोजूनच निर्णय करा. शॉर्टनं बंद झालेला असेल तर कॉर्ड काढून मिनिटभर थांबा, तोवर तो पुन्हा ऐकत नाही. एसएमपीएस मात्र कोणीही उघडायचा नाही. आत 325 व्होल्टचा साठा असतो, कॉर्ड काढल्यावरही काही वेळ राहतो. आणि तो बदलला तर तारासुद्धा त्याच्याच लावा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी असू शकते. जुनी तार नव्यात सहज बसू शकते आणि बोर्ड जाळू शकते.

पाचवा, पंखे फिरतात पण पडदा काळा. प्रोसेसरजवळची आठ पिनांची केबल विसरली का बघा. ग्राफिक्स कार्डचीही आठ पिनांचीच असते, पण तिची मांडणी उलटी, तिथं जबरदस्ती करू नका. दोन रॅम असतील तर चार जागांच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या जागी लावा. रॅम डीडीआर5 या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, तेवढा धीर धरा. आणि तरीही अडलं, तर माझ्या भाचीच्या बोर्डासारखा बाहेर पुठ्ठ्यावर काढा. एक रॅम, प्रोसेसर, त्याचा पंखा, बाकी काही नाही. तिथं चालला तर एकेक वस्तू परत जोडत जा.

वेळ संपली. माझा मल्टिमीटर इथं टेबलावर आहे. ज्या तिघांनी बंद पडलेले बोर्ड आणलेत त्यांनी खोक्यासकट पुढे या. बाकीच्यांनी जरा सरका, वाचनालयाच्या या सॉकेटची तीन मापं आधी घेऊ.