अलिबागला गाडीशिवाय जाताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

नमस्कार मंडळी! अलिबागला गाडी न नेता दोन दिवस मजेत काढता येतात. फक्त बेत आखताना सुरुवात बोटीपासून नको, ओहोटीपासून करा. कारण कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि ती वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते.

कोकणातला जुना हिशेब सांगतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून त्या दिवसाचं कोष्टकही बघाच.

अष्टमीलाही ओहोटी सोयीची, दुपारी बाराला. पण तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी; पाणी फारसं उतरत नाही, वाट नीट उघडी पडत नाही. पुनवेला-अवसेला पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी येते सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणून आमची पसंती चतुर्थी-पंचमीला. आदल्या दिवशी पोचून मुक्काम करा.

ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत या. इथेच लोक चुकतात. पाणी वळल्यावर पहिला तास ते हळू चढतं, म्हणून वाटतं अजून वेळ आहे. तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सगळ्यात वेगाने भरतं. पायात पट्ट्याच्या सपाता घाला, खडकांवर शेवाळ असतं.

आता प्रवास. गेटवेहून मांडव्याला बोटीने साधारण तास लागतो, आणि पुढे अलिबागपर्यंतची बस बऱ्याच बोटींच्या तिकिटातच असते, काढताना विचारून घ्या. रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, मात्र भाऊच्या धक्क्याहून सुटते, गेटवेहून नाही! पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. तेव्हा पनवेल-पेणमार्गे एसटी.

नागाव, चौल, रेवदंडा एकाच रस्त्यावर आहेत, त्यामुळे रेवदंड्याची एसटी धरा. आत किनाऱ्यापर्यंत रिक्षा किंवा मिनीडोर (मोठी तीनचाकी).

परतीची बस बोटीच्या बरीच आधी सुटते. उतरल्या उतरल्याच तिची वेळ विचारा. रविवारी संध्याकाळी रांग मोठी असते, तेव्हा दुपारचीच बोट घ्या.